पालथी पायली

दिवाळी सरून खरिपाची रानं मोकळी झाली की जतकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी येत. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. धनगर मोकळ्या रानात दोरीचं जाळं उभं करतो, त्याला वाघर म्हणतात. मेंढरं रात्रभर वाघरीत बसतात आणि त्यांच्या लेंड्यांनी रानाला चांगलं खत मिळतं. त्याबदली शेतकरी धनगराला धान्य मोजून देतो. मग वाघर पुढच्या तुकड्यात सरकते, आणि असा सगळा हिवाळा जातो.

करंजवाडीच्या हंबीररावांच्या रानात मायाप्पाची मेंढरं बसत. हंबीररावांच्या वडिलांच्या वेळी मायाप्पाच्या बापाची बसत असत. मायाप्पाच्या घरात कानडी. मराठी तो बोले, पण मोडकीतोडकी. लहानथोर सगळ्यांना तो 'तू' म्हणे, हंबीररावांनाही, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. हंबीररावांची बायको अंबूबाई त्याची अक्का होती. त्यांचा एकुलता एक मुलगा सयाजी लहान असताना मायाप्पाच्या खांद्यावर बसून रानभर हिंडायचा. पुढे सयाजीला मिसरूड फुटलं तरी मायाप्पा त्याला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, अशीच हाक मारी.

"औंदा मेंढरं बारीक दिसत्यात रं, मायाप्पा," अंबूबाई म्हणायची.

"मेंढरं न्हाई अक्का. तुझा डोळा बारीक झाला," मायाप्पा म्हणायचा, आणि दोघं हसायची.

बेचाळीस साली सयाजी घरातून गेला. सरकारच्या विरोधात गेलेल्या इतर पोरांबरोबर तो कधी नदीपल्याड, कधी उसात लपून राही. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात ती पोरं हंबीररावांच्याच उसात झोपायला येत. त्यांचा म्होरक्या कोंडीबा. ही जागा त्याने निवडली ती मायाप्पाच्या कुत्र्यांमुळे. सयाजी आला की कुत्री एकदा भुंकून गप्प बसत, कारण पिल्लं असल्यापासून ती त्याला ओळखत. परका माणूस बांधावर आला तर मात्र सगळं शिवार जागं करत.

मायाप्पाला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. उसात कोण आहे ते त्याला समजत होतं. म्हणून वाघर दुसऱ्या तुकड्यात सरकवायची वेळ आली तरी त्या वर्षी त्याने ती उसाजवळच ठेवली होती.

एका संध्याकाळी मायाप्पा धान्य न्यायला आला. अंबूबाईने सोप्यात बसून पायलीने ज्वारी मोजली आणि त्याच्या घोंगडीत ओतली. तिचं लक्ष मात्र त्याच्याकडे नव्हतं. चुलीपाशी सयाजीसाठी दशम्या भाजून झाल्या होत्या, आणि त्या तिने फडक्यात गुंडाळून तिथेच सोप्यात, कणगीशेजारी ठेवल्या होत्या. दिवेलागणीला हंबीरराव वैरणीच्या भाऱ्यात घालून त्या उसाकडे नेणार होते.

तेवढ्यात दारातून हाक आली. "अंबू, हाईस का गं घरात?"

आवाज शालूबाईचा होता, पोलीस पाटलाच्या बायकोचा. एका वाटीत विरजण मागायला ती आली होती. घरात जेवणारी दोनच माणसं, आणि इतक्या दशम्या कुणासाठी? तिने हातातली रिकामी पायली पटकन फडक्यावर पालथी घातली, आणि मायाप्पाकडे न बघता, "ये की शालूबाई," म्हणत उठून गेली.

करंजवाडीत पायली उताणी, पालथी, आडवी, कशीही पडलेली असे. कोंबड्या तिच्यावर चढून बसत. पण मायाप्पाच्या वाडीत तसं नव्हतं. तिकडे धान्य मोजून झालं की तळाला मूठभर दाणे राखून पायली उताणी ठेवतात. म्हणजे देणंघेणं चालू आहे, पुन्हा या. आणि घरच्या बाईने घेणाऱ्याच्या समोर रिकामी पायली पालथी घातली तर त्या घराशी असलेला संबंध त्या दिवशी सरला. त्यावर बोलायचं नसतं. का, म्हणून विचारणाऱ्याला तिकडे निर्लज्ज म्हणतात. अंबूबाई इतकी वर्षं मोजून झालं की पायली तशीच कणगीत टाकून देई, त्यामुळे मायाप्पाने या घरात ती पालथी कधी पाहिलीच नव्हती.

फडकं त्याला दिसलं नाही. त्याला दिसली ती अक्का, तिची फिरलेली मान आणि पालथी पायली. ज्वारीने भरलेली घोंगडी तो थोडा वेळ तशीच धरून उभा राहिला. शालूबाई विरजण घेऊन लगेच निघून गेली, अंबूबाई परसात गेली. मायाप्पाने घोंगडीचं गाठोडं बांधलं. उंबऱ्यापाशी वाकला, आणि गेला.

उजाडायच्या सुमाराला त्याने वाघर गुंडाळली, ज्या रानात मेंढरं बसली होती त्यावर भंडाऱ्याची चिमूट टाकली आणि कुत्र्यांना शीळ घालून विट्याच्या दिशेने चालू लागला.

"न भेटता गेला?" अंबूबाई नवऱ्याला म्हणाली. "कवा असा गेला न्हाई त्यो."

"आसंल काय तरी काम," हंबीरराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी उसाला वेढा घातला. एकही कुत्रं भुंकलं नाही. बाकीची पोरं ओढ्याच्या अंगाने निसटली. सयाजी नदीकडे पळाला, आणि वाळूत पाय रुतत असताना त्याला पाठीत गोळी लागली.

पोलिसांना कुणी सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आजही कुणाला ठाऊक नाही. पण करंजवाडीला ते त्याच दिवशी कळलं असं वाटलं.

"धनगरानं दावा साधला," पारावर एकजण म्हणाला.

"त्याला ठावं हुतं. ठावं हुतं म्हणूनशान कुत्री घिऊन गेला."

"सयाजीला तम्मा तम्मा करायचा. पोटात काय हाय, कळतंय व्हय?"

"आवं, कानडी माणूस. त्याला आपलं काय? गोऱ्याचं राज काय, आन् आपलं काय!"

शांतिनाथ तिथेच बसले होते. ते गावातले जैन शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची बायको त्रिशला कर्नाटकातली, त्यामुळे त्यांच्या घरातही कानडी चाले. ते म्हणाले, "का गेलास, म्हणून त्याला इचारलंय का कुणी?"

"चोर सांगतोय व्हय अण्णा?" अंधार पडल्यावर लपतछपत गावात आलेला कोंडीबा म्हणाला.

"तू पोलिसाच्या मनातलं सांगतूस, धनगराच्या मनातलं बी सांगतूस. एवढं समद्यांच्या मनातलं दिसतंय तर आदल्या दिशी कुत्री न्हाईत ते तुला दिसलं न्हाई?"

कोंडीबाचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. हाच प्रश्न तो स्वतःला विचारत होता हे अण्णांना माहीत असतं तर ते बोलले नसते.

कोंडीबा उठून हंबीररावांकडे गेला. "मामा, धनगराला आणू का?"

हंबीरराव भिंतीला टेकून बसले होते. "आणा," ते म्हणाले.

मायाप्पा चार-सहा दिवसांनी विट्याजवळ एका माळावर सापडला. पोरांनी त्याला बैलगाडीतून आणलं, मेंढरं आणि कुत्री मागून हाकत आणली. हंबीररावांच्या गोठ्यापुढच्या अंगणात त्याला उभं केलं. अंबूबाई बायकांबरोबर आत होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं.

मायाप्पाने आधी इकडेतिकडे पाहिलं. "तम्मा कुठं हाय?" तो म्हणाला.

"सोंग बघा!" कुणीतरी ओरडलं.

"गोळी घातली त्याला," कोंडीबा म्हणाला. "नदीत. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिशी."

मायाप्पा मटकन खाली बसला. त्याने घोंगडीत तोंड खुपसलं आणि तो रडू लागला.

"बघा. मन खातंय त्याचं."

"का गेलास ते सांग," कोंडीबा म्हणाला. "कुणी सांगितलं तुला जा म्हणून?"

मायाप्पाने डोळे पुसले. घराच्या दाराकडे पाहिलं. इतक्या पुरुषांपुढे घरच्या बाईचं नाव घ्यायचं? तिने आपल्याला घालवलं म्हणून सांगायचं, आणि तेही तिचं पोर गेल्यावर? आणि सांगायचं तरी कुणाला? यांना तर माहीतच असणार, असं त्याला वाटत होतं.

"मी का गेलो ते या घराला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"घराला इचार."

हंबीरराव उठून उभे राहिले. पोर गेलेल्या घराला हा दोष देतो! त्यांनी कोंडीबाकडे पाहिलं, आणि मग पाठ फिरवून गोठ्यात गेले. कोंडीबाला तेवढं पुरलं.

पुढचं फार सांगत नाही. त्या वेळी फितुराच्या तळपायांवर मारत. पोरांच्या अंगात दुःख होतं, आणि हातात काठ्या होत्या. मायाप्पा ओरडला तेव्हा वाघरीत कोंडलेली कुत्री एकसारखी भुंकत राहिली. शांतिनाथ अण्णा धावत आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी आपली गाडी जुंपली, मायाप्पाला कडब्यावर निजवलं आणि सांगलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचा एक पाय घोट्यापासून कापला. दुसरा राहिला, पण त्यात विष भिनत चाललं होतं.

इकडे अंबूबाईला झोप येईना. पोराचं दुःख होतंच. त्यात ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. या घराला ठावं हाय. मार खाताना माणूस खोटं बोलेल, सुटायला काहीही सांगेल. पण याने सुटण्यासाठी काही सांगितलंच नव्हतं.

"आवं, मला काय ठावं हाय?" ती नवऱ्याला म्हणाली.

"काय न्हाई. नीज."

"त्यो दाराकडं बघून म्हणाला. मी फटीतनं बघितलं."

हंबीररावांनी भिंतीकडे कूस वळवली.

सकाळी ती त्रिशलाकडे गेली. "ताई, मला सांगलीला न्याल? त्याच्या तोंडानं ऐकायचं हाय मला. त्यानं माझ्या पोराला मारलं असंल तर त्यानं मला तसं सांगावं. न्हाईतर मला कळंना झालंय कुणाला शिव्या द्याव्या ते."

अण्णांची गाडी दोघींना घेऊन सांगलीला गेली. दवाखान्याच्या लांब खोलीत भिंतीकडेच्या खाटेवर मायाप्पा होता. पांघरुणाखाली एका पायाच्या जागी ते सपाट बसलं होतं. अंबूबाई आली ती जवळ जाईना. अक्का दिसल्यावर मायाप्पानेच हाताने खूण केली.

"बस, अक्का."

ती जमिनीवर बसली. "या घराला ठावं हाय म्हणालास. मला काय ठावं हाय, मायाप्पा? सयाजीची आन घिऊन सांगते, मला काय बी ठावं न्हाई."

मराठीत ते सांगायला मायाप्पाला जमेना, म्हणून त्रिशलाशी तो कानडीत बोलला. त्रिशलाने ऐकलं आणि ती चपापली. तिच्या माहेरच्या गावातही ही रीत होती.

"काय म्हणाला?" अंबूबाईने विचारलं.

"म्हणत्यात, तुमी त्यांच्यासमोर पायली पालथी घातली. तिकडं त्याचा अर्थ, आता येऊ नका."

"कसली पायली?"

"ज्वारी दिली त्या सांजेला," मायाप्पा म्हणाला. "तू पायली पालथा केला. मान फिरवली. मी लय इचार केला, अक्का. विट्याच्या माळावर रोज इचार केला. कुठला मेंढरू कुणाच्या उसात गेला? कुत्रं कुणाला चावलं? तम्माला मी काय वाईट बोललो? काय सापडंना."

"त्याच्याखाली दशम्या हुत्या," अंबूबाई म्हणाली. "सयाजीच्या दशम्या. शालूबाई दारात आली. तिनं बघू नये म्हणून मी झाकल्या. मायाप्पा, तुला न्हवतं रं ते. तुझ्याकडं माझं ध्यानच न्हवतं."

त्रिशला दोघांच्या मधे उभी होती. तिला आता सांगायला काही उरलं नव्हतं.

मायाप्पाने विचारलं, "तम्मानं खाल्ल्या?"

"खाल्ल्या. ह्यांनी नेऊन दिल्या. समद्या खाल्ल्या म्हणं."

"चांगलं झालं," मायाप्पा म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

चार-दोन दिवसांत ताप चढत गेला आणि तो वारला. अण्णांनी जतकडे माणूस पाठवून निरोप दिला.

घरी आल्यावर अंबूबाईने नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. हंबीररावांनी कोंडीबाला बोलावून घेतलं आणि त्यालाही सांगितलं. कोंडीबा उंबऱ्यापाशी उभा राहून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मग कुत्री का नेली त्यानं?"

"त्याचीच हुती ती," हंबीरराव म्हणाले.

कोंडीबा खाली बसला. त्याला कुणी उठ म्हटलं नाही.

मायाप्पाची मेंढरं अजून हंबीररावांच्या रानात होती, जिथे दर साली बसत तिथेच. हंबीररावांनी घोंगडी खांद्यावर टाकली, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी मेंढरं हाकली नव्हती तो मेंढरं हाकत जतच्या वाटेला लागला. अण्णा बरोबर होते, तिकडे कानडीत बोलायला कुणीतरी हवं म्हणून. कुत्र्यांना मराठी कळत नव्हती. ती आपापल्या मनाने मेंढरं वळवत होती, हंबीरराव नुसते मागून चालत होते. वाटेत तासगावच्या बाजूला दोन माणसं त्यांच्याकडे बघून एकमेकांना म्हणाली, "म्हाताऱ्यानं कुना गरिबाची मेंढरं दाबली, बघ." अण्णा थांबून काही सांगणार होते. हंबीररावांनी त्यांचा हात धरला.

मायाप्पाच्या वाडीत कुसळं आणि खडक. मेंढरांनी घर ओळखलं, कुत्री पुढे धावली. मायाप्पाची बायको लक्कव्वा दारात आली. ती रडली नाही. तिने मेंढरांवरून नजर फिरवली, आत गेली, आणि पायलीत बाजरी घेऊन आली. कुणाची मेंढरं कुणी राखून आणली तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, अशी तिकडची रीत. हंबीररावांच्या उपरण्यात तिने बाजरी ओतली. मग वाकून रिकामी पायली उंबऱ्यावर पालथी घातली.

अण्णांनी मान खाली घातली. "चला, हंबीरराव."

"तिला इचारा, अण्णा."

"काय इचारू? आता तुमाला ठावं हाय की."

"ठावं हाय. तरी इचारा. तिच्या तोंडानं ऐकतो."

अण्णांनी कानडीत विचारलं. लक्कव्वाने हंबीररावांकडे सरळ बघत थोडक्यात उत्तर दिलं.

"म्हणत्यात, तुमी समजलात तेच हाय," अण्णा म्हणाले.

हंबीररावांनी हात जोडले आणि ते निघाले.

ती बाजरी अंबूबाईने दळली नाही, की पेरली नाही. एका मडक्यात घालून वर ठेवून दिली. त्यानंतर कुणालाही धान्य मोजून दिलं की ती तळाला मूठभर दाणे राखून पायली उताणी ठेवू लागली. शेजारणी म्हणत, पोराच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं, उंदरांना दाणे घालतीया.

पुढच्या हिवाळ्यात कुठल्याच धनगराने करंजवाडीत वाघर लावली नाही. तेव्हाच एका संध्याकाळी शालूबाई आली, पुन्हा विरजण मागायला. सोप्यात उताणी पायली होती.

"अंबू, एक इचारू? राग नको धरू. दाणे कशाला ठेवतीस गं त्यात?"

वर्षभरात तिला हे विचारणारी शालूबाई पहिलीच होती. अंबूबाईने तिला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. दशम्या, दारातली हाक, पायली, मायाप्पा. शालूबाई हातातली वाटी घट्ट धरून ऐकत राहिली.

"माझ्यामुळं झाकल्यास?" तिने विचारलं.

"पाटलाच्या घरात कळलं तर काय व्हईल, म्हणूनशान."

"अगं, दशम्यांचा वास दारात आलता," शालूबाई म्हणाली. "दुधातल्या दशम्या. तुमी दोघं कवा खाता दशम्या? सयाजीच्या असनार, मला कळलं की तवाच. म्हणून तर बसले न्हाई मी. विरजण घेतलं आन् लगेच निघाले, तुझा खोळंबा नको म्हणून. ह्यांना मी एका शब्दानं बोलले न्हवते गं. माझ्या बी मांडीवर खेळलं हुतं ते पोर."

अंबूबाईचा हात उताण्या पायलीच्या काठावर गेला.

बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायची वेळ झाली होती, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही. शालूबाईने वाटी खाली ठेवली, सरकून जवळ आली, आणि अंबूबाईने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.